बोस्टनची तांबडी रेघ आणि खान्देशची पुसलेली खूण

सातपुड्याच्या पायथ्याशी आणि तापीच्या खोऱ्यात वसलेला रावेर, सावदा, फैजपूरचा पट्टा केळीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. एके काळी या भागातील माणसाची मोठी यात्रा म्हणजे काशी-रामेश्वर, फार तर द्वारका. आता तिच्यात आणखी एका यात्रेची भर पडली आहे. केळीच्या आणि कष्टाच्या पैशावर शिकलेली मुले अमेरिकेत स्थिरावली आणि त्यांच्या मागोमाग आई-वडील सहा-सहा महिन्यांसाठी तिकडे जाऊ लागले. सामानात मेथीचे लाडू, कळण्याचे पीठ आणि काळा मसाला. परतताना मोबाईलमध्ये शेकडो छायाचित्रे. गावी आल्यावर सत्यनारायण होतो, पाहुणे जमतात आणि ती छायाचित्रे एकामागून एक दाखवली जातात.

या छायाचित्रांत बोस्टन शहर हटकून असते. १६३० साली वसलेले हे नगर अमेरिकेच्या मानाने फार जुने. तेथील रस्त्यांवरून एक तांबडी रेघ जाते. कोठे ती विटांची आहे, कोठे रंगाने ओढलेली. सुमारे चार किलोमीटर लांबीची ही रेघ पर्यटकाला शहरातील सोळा ऐतिहासिक स्थळांपर्यंत नेते. तिचे नाव ‘फ्रीडम ट्रेल’, म्हणजे स्वातंत्र्याची वाट. १९५१ मध्ये विल्यम स्कोफिल्ड नावाच्या एका पत्रकाराने ही कल्पना मांडली आणि शहराने ती उचलून धरली. या रेघेवरून चालताना रावेरचा गृहस्थ भारावून जातो. एवढेसे लाकडी घर, पण केवढे जपले आहे! एवढीशी सभागृहाची इमारत, पण केवढी स्वच्छ! परत आल्यावर तो पाहुण्यांना सांगतो, “इतिहास जपावा तर त्यांनीच. आपल्याकडे काय आहे?”

प्रश्न या शेवटच्या वाक्याचा आहे. अमेरिका पाहणे हा अपराध नाही. जग पाहावे, चांगले ते घ्यावे, हे याच भूमीचे सांगणे आहे. परंतु ज्याच्या घरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आठशे वर्षांपूर्वीचे मंदिर उभे आहे, तो जेव्हा तीनशे वर्षांच्या इमारतीपुढे नतमस्तक होऊन ‘आपल्याकडे काय आहे’ असे विचारतो, तेव्हा ते त्याचे अज्ञान नसते. ती आत्मविस्मृती असते. अज्ञान पुस्तकाने जाते. आत्मविस्मृतीला केवळ पुस्तक पुरत नाही.

पाच तेथले, पाच येथले

बोस्टनच्या जुन्या स्टेट हाऊससमोर रस्त्यात दगडांचे एक वर्तुळ आहे. ५ मार्च १७७० रोजी तेथे इंग्रज सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. त्या गोळीबारात पाच माणसे दगावली. त्या पाचांची नावे अमेरिकेच्या शाळांत शिकवली जातात. शहराच्या जुन्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. बोस्टन कॉमन या मैदानात १८८८ साली त्यांचे स्मारक उभारले गेले. आजही त्या प्रसंगाचे जाहीर पुनर्दर्शन घडवले जाते. रावेरहून गेलेला पाहुणा त्या वर्तुळापाशी उभा राहून छायाचित्र काढून घेतो. गंभीर होतो. ते योग्यच आहे.

परंतु पाच माणसे खान्देशातही पडली होती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा हाती घेऊन मुलांची मिरवणूक निघाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. शिरीषकुमार मेहता तेव्हा सोळा वर्षांचाही झालेला नव्हता. बोस्टनच्या पाचांना मारणारे सैनिक ज्या साम्राज्याचे होते, नंदुरबारच्या पाचांना मारणारी सत्ताही त्याच साम्राज्याची. नंदुरबारला त्यांचे स्मारक आहे; दरवर्षी पुष्पहार चढतात. पण जळगाव जिल्ह्यातील किती कुटुंबांनी आपल्या मुलांना एकदा तरी तेथे नेले आहे? सुरतच्या गाडीत बसले की नंदुरबार वाटेतच लागते. सुरतेला साड्या घ्यायला जाणाऱ्यांच्या गाड्या तेथून रोज जातात. पाचांपैकी एकाचे नाव तरी घरात उच्चारले जाते काय? बोस्टनच्या पाचांपुढे डोळे ओलावतात आणि नंदुरबारच्या पाचांची नावे आठवत नाहीत, याला विश्वबंधुत्व म्हणायचे की उसनी भक्ती?

एकच कंपनी, दोन स्मरणे

बोस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ रोजी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, ही कथा शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. त्या घटनेनंतर ४५ वर्षांनी, १८१८ मध्ये, याच कंपनीने खान्देश गिळला. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यावर सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने हल्ला केला. किल्ल्यातील शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फासावर चढवले गेले. हे कृत्य इतके उघड क्रूर होते की खुद्द इंग्लंडमध्येही त्यावर टीका झाली. थाळनेर धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात आहे. कंपनीचा चहा बुडवणाऱ्यांचे संग्रहालय पाहण्यासाठी सातासमुद्रापार जाणाऱ्याला कंपनीने आपल्या माणसांना कोठे मारले हे ठाऊक नसते.

‘पराभवाच्या जागा कशाला दाखवायच्या?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तरही बोस्टनमध्येच आहे. तांबड्या रेघेच्या टोकाशी बंकर हिलचा २२१ फूट उंचीचा दगडी स्तंभ उभा आहे. १७ जून १७७५ च्या त्या लढाईत टेकडी अखेर इंग्रजांनीच जिंकली होती. म्हणजे अमेरिकेने आपल्या एका पराभवावर एवढा स्तंभ उभारला, कारण त्या पराभवात झुंज होती. रावेरचा गृहस्थ धापा टाकत त्याच्या २९४ पायऱ्या चढतो. १८५८ च्या एप्रिलमध्ये याच सातपुड्याच्या रांगेत, अंबापाणीच्या डोंगरात, खाज्या नाईकाच्या भिल्लांनी कंपनीच्या फौजेशी झुंज दिली. तीही हरलेली लढाई होती आणि तिच्यातही झुंज होती. ज्या वनवासी बांधवांनी ती दिली, त्यांचे वंशज आज केळीच्या बागांत मजुरीला येतात. बागाईतदाराच्या मुलाला पॉल रिव्हियरचा घोडा ठाऊक असतो. आपल्या बागेत घड वाहणाऱ्याच्या पूर्वजाचा पराक्रम ठाऊक नसतो. समरसतेची भाषणे याहून मोठा कोणता विषय शोधत आहेत?

‘त्यांच्याकडे थोडे आहे, म्हणून ते जपतात’

या विषयावर बोलणे निघाले की काही ठरावीक सबबी पुढे येतात. पहिली अशी : अमेरिकेचा इतिहास मूठभर, म्हणून त्यांना तो जपता येतो, आपला इतिहास सागरासारखा, कोठे कोठे जपणार? ही सबब ऐकायला अभिमानाची वाटते. प्रत्यक्षात ती आळसाला दिलेले अभिमानाचे पांघरूण आहे. ज्याच्याकडे सोने अधिक, त्याने तिजोरी उघडी टाकावी, असा न्याय कोणत्याही घरात चालत नाही.

दुसरी सबब पैशाची. त्यांच्याकडे डॉलर आहेत, म्हणून जमते. इतिहास वेगळे सांगतो. चहाच्या प्रसंगापूर्वी ज्या सभागृहात हजारो नागरिक जमले होते, ते ओल्ड साऊथ मीटिंग हाऊस १८७६ मध्ये पाडण्यासाठी विकले गेले होते. ते वाचवण्यात बोस्टनच्या स्त्रियांनी पुढाकार घेतला. जुने स्टेट हाऊसही १८८१ च्या सुमारास पाडले जाणार होते. ‘तुम्हाला नको असेल तर आम्ही ते उचलून नेतो’ असा प्रस्ताव शिकागोने दिला, तेव्हा बोस्टनकरांना जाग आली. पॉल रिव्हियरचे १६८० च्या सुमाराचे लाकडी घर कधी बिऱ्हाडांना, कधी दुकानांना भाड्याने दिले जात होते. १९०२ मध्ये त्याच्या एका पणतवाने ते विकत घेतले म्हणून वाचले आणि १९०८ मध्ये संग्रहालय म्हणून उघडले. बंकर हिलच्या स्तंभाची पायाभरणी १८२५ मध्ये झाली. पैशाअभावी काम रखडले आणि त्याचे लोकार्पण १८४३ मध्ये झाले. मधल्या काळात स्त्रियांनी हस्तकलेच्या वस्तूंचा मेळा भरवून निधी उभा केला.

आणि एक वास्तू तर बोस्टनने गमावलीच. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्याची ठसठशीत सही आहे, त्या जॉन हॅनकॉकचा वाडा १८६३ मध्ये पाडला गेला. त्या वाड्याच्या हळहळीतून शहर शहाणे झाले. म्हणजे बोस्टन जन्मतः इतिहासप्रेमी नव्हते. त्याने एकदा गमावले, लाज वाटून घेतली आणि मग जपले. खान्देशात रोज एखादा वाडा पडतो, रोज एखादी सागवानी तुळई लाकूडबाजारात जाते. गमावणे दोघांचेही, फरक लाज वाटण्याचा आहे.

‘सरकारचे काम आहे’

तिसरी सबब सर्वांत सोयीची : पुरातत्त्व खाते काय करते? खात्याचा दोष लपवण्याचे कारण नाही. गंजलेला निळा फलक, त्यावर १९५८ च्या कायद्याचा इशारा, शेजारी वाढलेली झुडपे आणि रखवालदाराची रिकामी खुर्ची हे दृश्य महाराष्ट्रात सर्वत्र दिसते. त्यावर आवाज उठवलाच पाहिजे. परंतु शिल्पावर खिळ्याने नाव कोरणारा हात सरकारी नसतो. वीरगळ उचलून त्यावर धुणे बडवणारा समाजच असतो. शिलालेखावर भक्तिभावाने तैलरंग फासणारी समिती गावचीच असते. आजोबांच्या माळ्यावरच्या पोथ्या ‘घरात वाचणारे कोणी नाही’ म्हणून नदीत सोडणारे घर सुशिक्षित असते. भारतीय राज्यघटनेने ५१-अ या कलमात वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. हक्कांची कलमे तोंडपाठ असणाऱ्यांनी हेही एकदा वाचावे.

सरकारची वाट पाहत बसला असता, तर खान्देशला इतिहासाचार्य राजवाडे लाभले नसते. गावोगाव पायपीट करून, स्वतःच्या हाताने रांधून खाऊन, दप्तरे गोळा करणारा हा पुरुष ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तला. पुढच्याच वर्षी धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून मिळवून जमवली. समर्थ वाग्देवता मंदिरात ती आजही आहेत. समर्थांच्या हस्ताक्षरातील वाल्मीकी रामायण तेथे जतन केलेले आहे. बोस्टनच्या संग्रहालयात काचेआड ठेवलेले एखादे जुने पत्र पाहून स्तिमित होणाऱ्या कुटुंबाने धुळ्याच्या या दोन वास्तूंचा उंबरठा कधी ओलांडला आहे काय?

परक्या दालनात आपली देवता

बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात भारतीय शिल्पांचे दालन आहे. सांचीच्या यक्षीचे एक अप्रतिम धड तेथे ठेवलेले आहे. १९१७ पासून १९४७ मधील मृत्यूपर्यंत आनंद कुमारस्वामी या संग्रहालयात होते. नटराजाच्या मूर्तीत निव्वळ कारागिरी पाहू नका, तत्त्वज्ञान पाहा, हे त्यांनी पाश्चात्त्यांना तेथे बसून शिकवले. रावेरच्या पाहुण्याला हे दालन दाखवताना अमेरिकेत वाढलेली नात विचारते, “आजोबा, ही कोण?” आणि आजोबा मूर्तीखालची इंग्रजी पाटी वाचू लागतात. परक्यांनी लिहिलेल्या पाटीवरून आपली देवता ओळखावी लागणे, याहून मोठी शोकांतिका कोणती?

याच बोस्टनच्या परिसरात १८९३ च्या ऑगस्टमध्ये एक तरुण संन्यासी आला होता. शिकागोचा खर्च परवडत नव्हता, ओळखपत्र नव्हते, थंडीचे कपडे नव्हते. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन हेन्री राईट यांची त्याच्याशी भेट झाली आणि त्यांच्या शिफारशीने सर्वधर्मपरिषदेचे दार उघडले. स्वामी विवेकानंदांची ही वाट कोणत्याही तांबड्या रेघेवर नाही. ती दाखवण्याचे काम तेथे राहणाऱ्या आपल्याच मुलांचे आहे. घरात विवेकानंदांचे चित्र लावणाऱ्यांनी तेवढे तरी त्यांना सांगून पाठवावे.

घराजवळची रेघ

आता ‘आपल्याकडे काय आहे’ याचे उत्तर. रावेरच्या शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात, तापी आणि पूर्णेच्या संगमावर, चांगदेवाचे यादवकालीन मंदिर उभे आहे. चौदाशे वर्षांचे म्हणवणारा योगी एका बालिकेपुढे नमला, ही कथा मराठी मनाने शतकानुशतके जपली. ती मुक्ताई जेथे अंतर्धान पावली, ते स्थान याच परिसरात आहे. वारकरी तेथे पायी येतो. मोटारीत बसणारा मात्र महामार्गावरून पुढे निघून जातो.

रावेरच्या दुसऱ्या बाजूला फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन येथे झाले. नंदलाल बोसांनी बांबू आणि स्थानिक साहित्यातून सजवलेल्या त्या नगरीला टिळकांचे नाव होते. पक्षाविषयी मत काहीही असो, शेतकऱ्यांच्या गावात देश जमला होता, हे विसरण्याचे कारण नाही. उत्तरेला बुऱ्हाणपूर आणि त्यापलीकडे असीरगड. १६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपुरावर जो घाला घातला, त्याने औरंगजेबाची दक्षिणेतील प्रतिष्ठा हादरली. बुऱ्हाणपूरला केळीच्या व्यवहारासाठी आठवड्यातून दोनदा जाणारे अनेक आहेत. या नजरेने ते शहर पाहणारे थोडे.

आणि रावेर हे नाव उच्चारताच जी गल्लत अनेकांची होते, तिचेही स्मरण व्हावे. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला गेले. ते गाव हे रावेर नव्हे. ते मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी. पण नावाच्या या सख्ख्या बहिणीची विचारपूस रावेरने करायला काय हरकत होती? अजिंक्य सेनानीच्या त्या समाधीला धरणाच्या पाण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा रावेरच्या चौकात त्याची चर्चा किती झाली?

या सर्वांचा कळस म्हणजे चाळीसगावजवळचे पाटण. तेथील शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि त्याला दाने मिळाली, अशी त्यात नोंद आहे. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. अमेरिकेत गेलेले प्रत्येक कुटुंब बोस्टनजवळच्या हार्वर्डच्या प्रांगणात छायाचित्र काढते. हार्वर्डची स्थापना १६३६ ची. त्याआधी चारशेहून अधिक वर्षे खान्देशात गणित आणि ज्योतिषाच्या अध्ययनासाठी मठ होता आणि त्याची नोंद दगडावर कोरलेली आहे. पाटणादेवीला नवस फेडायला हजारो जातात. नवस फेडून झाल्यावर हा लेख पाहण्याची इच्छा किती जणांना होते?

गौरव घोषणेत नाही

येथे दोन बाजूंना दोन शब्द सुनावणे भाग आहे. वारशाचा उच्चार होताच ‘पुनरुज्जीवनवाद’ म्हणून नाक मुरडणारे तथाकथित पुरोगामी बोस्टनला गेले की त्याच तांबड्या रेघेवरून श्रद्धेने चालतात. अमेरिकनाने आपल्या पूर्वजांचे घर जपले तर ती नागरी जाणीव, आणि खान्देशच्या माणसाने मंदिराचा शिलालेख जपला तर ती प्रतिगामिता, हा दुटप्पीपणा आता पुरे झाला.

पण दुसरा शब्द राष्ट्रप्रेमी म्हणवणाऱ्यांसाठी आहे आणि तो अधिक कडू आहे. भगवा ध्वज लावून किल्ल्यावर जाणे, घोषणा देणे, छायाचित्र काढणे आणि खाली प्लास्टिकच्या बाटल्या टाकून येणे म्हणजे इतिहासप्रेम नव्हे. जयंतीच्या मिरवणुकीवर जेवढा खर्च होतो, त्याच्या दशांशात एका तालुक्यातील सर्व वीरगळांची छायाचित्रांसह नोंद होऊ शकते. अभिमान घशात असतो तोवर तो आवाज असतो. हातात उतरतो तेव्हा कार्य होते. कार्यकर्ता या शब्दात ‘कार्य’ आधी येते, हे सांगण्याची वेळ येऊ नये.

करण्यासारखे काही अवघड नाही. प्रत्येक गावातील चार तरुणांनी एका रविवारी गावातील जुने मंदिर, बारव, वाडा, वीरगळ, शिलालेख यांची वही करावी. माळ्यावरची पोथी नदीत न सोडता धुळ्याच्या अभ्यासकांना दाखवावी. शिलालेखावर रंग लावण्यापूर्वी जाणकाराला विचारावे. शाळेची सहल पाण्याच्या खेळांच्या उद्यानात नेण्याआधी एकदा चांगदेव, फैजपूर, पाटण, नंदुरबार या वाटेवर न्यावी. आणि अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या नातवंडांना पालच्या जंगलात हुरडा खाऊ घालावा, तसेच एक दिवस संगमावरच्या मंदिरातही न्यावे. त्या दिवशी पाटी वाचण्याची वेळ आजोबांवर येऊ नये, एवढी तयारी मात्र आदल्या रात्री करावी.

२०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे अडीचशेवे वर्ष. त्या निमित्ताने तेथे जाणाऱ्यांनी जरूर जावे, तांबड्या रेघेवरून जरूर चालावे. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की बोस्टनची ती रेघ सोन्याची नाही. ती साध्या विटांची आणि रंगाची आहे. विटा खान्देशातही भाजल्या जातात आणि रंग रावेरच्या बाजारातही मिळतो. रेघ ओढणारा हात तेवढा पुढे यायचा आहे.